सहलीची बस उलटी फिरवा

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वन्यजीव सप्ताह असतो. शाळाशाळांतून वाघाची चित्रे रंगतात, घोषवाक्ये पाठ होतात आणि खारघर-पनवेलच्या मुलांच्या बसगाड्या कर्नाळ्याच्या अभयारण्याकडे निघतात. मुले फलक वाचतात, सुळक्याकडे बोट दाखवतात, डबे उघडतात आणि उजेड असेतो घरी परततात. सप्ताह पार पडतो. १९६८ साली अवघ्या साडेचार चौरस किलोमीटरवर सुरू झालेले हे अभयारण्य २००३ मध्ये बारा चौरस किलोमीटरच्या वर गेले. जंगलाशेजारच्या वाड्यावस्त्यांपर्यंत मात्र ही शिकवण बसमध्ये बसून कधी जात नाही. ज्यांना जंगल एरवी दिसत नाही त्यांना ते दाखवायचे आणि जे त्याच्या कुशीत राहतात त्यांच्यासाठी पाटी लावायची, ‘प्रवेश निषिद्ध’!

ओवे गावाचेच बघा. सिडकोच्या खारघरने वेढलेले, २०१६ पासून पनवेल महापालिकेत असलेले हे गाव. भातशेतीची जागा इमारतींनी घेतली, पण पाठीशी डोंगर आहे आणि डोंगरावर ठाकूर समाजाच्या वाड्या आहेत. उन्हाळ्यात तिथले गवत पेटते. कधी पुढच्या साली चांगले गवत यावे म्हणून, कधी नुसत्या बिडीच्या थोटकाने. पावसाळ्यात घोणस, मण्यार पायाखाली येतात. खाडीकडच्या कांदळवनातला कोल्हा रस्त्यावर दिसला की त्याचा व्हिडिओ फिरतो आणि ‘शिंगी’च्या, म्हणजे कोल्ह्याच्या तथाकथित शिंगाच्या, गप्पा निघतात. कोल्ह्याला शिंग नसते, एवढे साधे वाक्यही चावडीवर येऊन कुणी सांगत नाही.

आणि तिबोटी खंड्या? रायगडचा जिल्हापक्षी. पावसाच्या तोंडावर हा मूठभर रंगीत पाहुणा रात्री प्रवास करत कोकणात उतरतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत घरटे करतो. वाटेत उंच इमारतींच्या काचांवर तो आदळतो. तो खिडकीखाली पडलेला सापडला तर पाणी पाजू नये, भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. ही माहिती चित्रकला स्पर्धेत मिळत नाही.

लोकांपर्यंत जाऊन हे सांगण्याचे काम करून दाखवणारी माणसे आहेत. २०११ साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला, तेव्हा वनाधिकारी आणि अभ्यासक पाडे, सोसायट्या, पोलीस, पत्रकार अशा सर्वांकडे स्वतः गेले. बिबट्या पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटत नाही, कचरा आणि मोकाट कुत्री त्याला ओढून आणतात, रात्री लहान मुलांना एकटे सोडू नका : सांगण्याचा गाभा एवढाच. तिकडे युगांडात बविंडीच्या जंगलातल्या गोरिलांना १९९६ मध्ये खरजेची लागण झाली आणि ती आसपासच्या वस्तीतून आल्याचे दिसले. पशुवैद्यक ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका यांनी २००३ मध्ये संस्था काढली. तिचे गावकरी स्वयंसेवक घरोघर जातात आणि आरोग्याबरोबर गोरिलाचीही गोष्ट सांगतात. आपल्याकडे आरोग्यसेविका एका दाराने येते आणि वनरक्षक दुसऱ्याने; वनरक्षक तर बहुधा पंचनामा करायलाच.

म्हणून एक जुनी बस मिळाली तरी पुरे. पनवेल महापालिका, वन विभाग आणि तारा गावच्या युसुफ मेहेरअली सेंटरसारख्या, या भागात मुरलेल्या संस्थांनी मिळून ती चालवावी. बसमध्ये पडदा असो-नसो, सापांची चित्रे असावीत, सर्पदंश झाला तर मांत्रिकाकडे न जाता कुठल्या सरकारी दवाखान्यात प्रतिविष मिळते त्याची यादी असावी, आणि बोलणारा आगरी बोली समजणारा असावा. भाषणाआधी त्याने वाडीवरच्या म्हाताऱ्यांना बोलू द्यावे. कुठला ओढा कधी आटतो आणि वणवा कुठून चढतो हे त्यांना तोंडपाठ असते. गाडी वेळेवर यावी, आणि सप्ताहापुरती नव्हे. पुढचा वणव्याचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होईल. पहिली फेरी त्याआधी ओवे गावातून निघावी.