खिडकीसमोरच्या पत्र्याचा रंग कोणी ठरवायचा?

तुमच्या घराची खिडकी उघडली की समोर काय दिसतं? झाड, मैदान, मोकळं आकाश असं उत्तर असेल तर तुम्ही नशीबवान. आमच्या साकीनाक्यात, खैरानी रोड किंवा काजूपाड्याच्या गल्ल्यांत अनेकांचं उत्तर असतं : भिंत. नाहीतर पत्रा. तोही हात लांब केला की लागेल इतका जवळ. त्याला रंग कोणता द्यायचा हे मात्र खिडकीतल्या माणसाला कोणी विचारत नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने धुळीला आळा घालायला नियम काढले. बांधकामाभोवती २५ फूट आणि मोठा प्लॉट किंवा उंच टॉवर असेल तर ३५ फूट उंच पत्रे हवेत. नियम चांगलाच आहे, धूळ कोणाला हवीय? पण ३५ फूट म्हणजे जवळपास तीन मजले. शेजारच्या चाळीच्या साऱ्या खिडक्यांसमोर काही वर्षं तोच पत्रा. रस्त्याच्या बाजूने त्यावर टॉवरची झकास जाहिरात असते. चाळीच्या बाजूने जो रंग असेल तो.

‘रंगाने काय फरक पडतो?’ असं म्हणाल तर थांबा. अरुंद गल्लीत थेट ऊन घरात येतच नाही. येतो तो समोरच्या भिंतीवर आपटून आलेला उजेड. पांढरा रंग त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास उजेड परत फेकतो, गडद निळा किंवा गडद हिरवा जेमतेम १०-१५ टक्के. म्हणजे समोर गडद रंग लागला की भरदुपारी ट्यूबलाइट लावून अभ्यास करायचा आणि बिलही आपणच भरायचं. शिवाय जो उजेड येतो तो त्या रंगात बुडून येतो. लालभडक भिंतीसमोरच्या खोलीत भिंती, कपडे, माणसांचे चेहरे, सगळ्यावर लालसर झाक. गडद पत्रा उन्हात तापतो तो वेगळाच.

आता तुमच्या सोसायटीतले काका म्हणतील, ‘पांढरा दोन महिन्यांत काळा पडेल, मळखाऊ रंग द्या.’ मुद्दा चुकीचा नाही. पण उपाय आपल्या जुन्या इमारतींच्या जिन्यांतच आहे : खाली तीन-चार फूट गडद पट्टा, वर उजळ रंग. पिचकाऱ्या आणि चिखल खालीच लागतात, उजेड वरून येतो. फक्त वरचा रंग चकचकीत नको, मॅट हवा. नाहीतर दुपारचं ऊन थेट डोळ्यांत मारेल. झगझगीत पांढरा नको असेल तर फिकट पिवळसर, क्रीम चालेल.

साकीनाक्याच्या पुढचंच मेट्रो स्टेशन असल्फा. तिथल्या टेकडीवरची घरं २०१७ च्या अखेरीस ‘चल रंग दे’ मोहिमेत रंगली. मेट्रोतून ती कसली भारी दिसतात! आपण सगळ्यांनीच फोटो काढलेत. पण मेट्रोतल्या माणसाला तो रंग जेमतेम मिनिटभर दिसतो. ज्याच्या खिडकीसमोर ती भिंत आहे, त्याला तो रोज सकाळी उठल्यापासून दिसतो. म्हणून भिंत कोणाचीही असो, रंगाबाबत पहिलं मत त्याचं असायला हवं.

तेव्हा तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडला या दिवाळीत रंग लागणार असेल, तर मीटिंगमध्ये एवढंच सुचवा : आधी दोन फूट बाय दोन फुटाचे दोन-तीन नमुने भिंतीवर लावूया, आणि पलीकडच्या चाळीतल्या ताईंना विचारून त्यांच्या खिडकीतून ते सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघूया. एक दिवस जाईल. पण पुढची चार-पाच वर्षं त्या घरात दिवसाचा दिवा लागणार नाही.