बोकड खस्सी चालतो, मग ससा का नाही?

विष्णुपुरीत आमच्या घरी मुलांच्या हट्टापायी दोन ससे आले. विकणाऱ्यानं दोन्ही माद्या म्हणून दिले होते. लहान वयात सशातले नर-मादी ओळखणं अवघड असतं, हे मला नंतर कळलं. काही महिन्यांत सहा पिल्लं झाली. सशाच्या मादीचे दिवस तीस-एकतीस असतात आणि व्यायल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. आमच्याकडे तेच झालं.

नर खस्सी करून घेऊ, असं मी म्हणालो, तेव्हा मोहल्ल्यातले एक चाचा नाराज झाले. "कुदरतच्या कामात हात घालू नका. जास्त झाले तर धरणाकडे सोडून द्या." मी त्यांचं ऐकलं. गोदावरीकाठच्या झुडपांत चार पिल्लं सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं फक्त केस पडलेले होते. पापाला घाबरून मी कुत्र्यांना चारा घालून आलो होतो.

आता मला उत्तर द्यायचं आहे. आपल्या रानातला ससा वेगळा, घरात पाळतो तो वेगळा. पाळीव सशाचं मूळ युरोपात आहे आणि पिंजऱ्यात वाढलेल्याला रानात ना खाणं शोधता येतं ना लपता येतं. नर-मादी एका पिंजऱ्यात कोंडले तेव्हाच आपण कुदरतच्या कामात हात घातला. मग ऑपरेशनच्या वेळीच ती का आठवावी?

दीनचं म्हणाल, तर प्रेषितांनी (स.) खस्सी मेंढ्यांची कुर्बानी दिल्याची हदीस इब्न माजाच्या संग्रहात आहे. हनफी फिकहमध्ये फायद्यासाठी जनावर खस्सी करायला मुभा आहे. बकरी ईदला आपणच बाजारात "खस्सी आहे ना?" असं विचारून जास्त पैसे मोजतो. आणि माझ्या हिंदू मित्रांनो, पोळ्याला ज्याला पुरणपोळी भरवता तो बैलही खच्ची केलेलाच असतो. आपल्या पोटासाठी आणि शेतासाठी जे चालतं, ते जनावराच्या भल्यासाठी का चालू नये?

प्रत्येक सशाला टेबलावर घ्याच, असं मी म्हणत नाही. भूल देताना सशाला धोका असतो. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा: याआधी सशाचं ऑपरेशन केलंय का? सशाला उलटी होत नाही, म्हणून त्याला उपाशी ठेवून आणायला सांगणाऱ्यापाशी थांबू नका. जवळ कुणी नसेल तर उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. नराचं ऑपरेशन मादीपेक्षा सोपं असतं. पण त्यानंतरही त्याला काही आठवडे वेगळं ठेवावं लागतं. मादीचं पोट उघडावं लागतं, मात्र वय झालेल्या माद्यांत गर्भाशयाचा कर्करोग बराच आढळतो, हेही तराजूत टाका. जमत नसेल तर दोन पिंजरे करा. तोही निर्णयच आहे.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. त्या बाईचा गुन्हा मांजर पाळण्याचा नव्हता. पाळून जबाबदारी टाळण्याचा होता. धरणाकाठी पिल्लं सोडणारा मी त्याहून वेगळा कसा?

आमचा नर आता खस्सी आहे. चाचा अजून नाराज आहेत. असू द्या.