मोहरीएवढा सुटा भाग

सरकारी धान खरेदीत 17 टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हा आकडा तोंडपाठ असतो. बँकेतल्या नोकरीत मी पाहिले आहे, पीककर्जाची परतफेड, मुलीचे लग्न, दुकानाची उधारी, सारे धान विकले जाण्यावर अडलेले असते. आणि धान घ्यायचे की नाही, हे ठरवते टेबलावरचे एक डबडे, ओलावामापक.

ओल्या दाण्यातून वीज अधिक सहज वाहते. बरीचशी यंत्रे अशाच विद्युत गुणधर्मावरून ओलावा काढतात. पण दाणा गरम की थंड यानेही आकडा हलतो. तो सावरायला आत थर्मिस्टर नावाचा मोहरीएवढा भाग असतो. तो गेला की शोधाशोध सुरू. यंत्राचे मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केलेले. मग नागपूरला सीताबर्डीवर विचारा, नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर. शेवटी कुणीतरी ‘तसाच दुसरा’ काढून देतो.

खरी मेख इथेच आहे. थर्मिस्टरचा सांगितलेला रोध सहसा 25 अंश तापमानाचा असतो. त्या अंशाला दोन भाग अगदी जुळे भाऊ. थंडी पडली की दोघांची तोंडे दोन दिशांना. दुपारी दुरुस्त करून तपासलेले यंत्र डिसेंबरच्या सकाळी चुकू शकते. 16 टक्क्यांचे धान 18 दाखवले, की कट्टे परत. ट्रॅक्टरचे भाडे पुन्हा, नाहीतर व्यापारी म्हणेल तो भाव. दुरुस्ती करणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याच्या हाती ना सर्किटचा नकाशा, ना भागाचा पूर्ण तपशील.

जुलै 2022 मध्ये केंद्राने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तीत शेतीची अवजारेही होती. अवजारे म्हणजे नुसता ट्रॅक्टर नव्हे. सरकारी पैशाने यंत्र घेताना करारातच लिहून घ्यावे, की दहा वर्षे सुटे भाग मिळतील आणि नकाशा यंत्रासोबत येईल. विकत घेणारा एवढा मोठा असताना विकणारा नाही कसा म्हणेल?

तोवर एक बिनखर्ची उपाय आहे. हवाबंद डब्यात मूठभर धान ठेवावे आणि तेच सकाळी आठला व दुपारी दोनला शेतकऱ्यांसमोर मोजावे. आकडे जुळले नाहीत, तर त्या दिवशी त्या यंत्रावर एकही कट्टा परत पाठवू नये.