‘मे गुस्ता’ म्हणजे ‘मला आवडतं’

स्पॅनिशच्या वर्गात थोडे दिवस गेले की ‘गुस्तार’ हे क्रियापद येतं आणि विद्यार्थी अडखळतात. इंग्रजीत ‘आय लाइक मँगोज’ म्हणताना कर्ता ‘मी’ असतो. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणताना कर्तेपण आंब्यांकडे जातं. इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं यासाठी मोठा खुलासा करतात: ‘आंबे मला आनंद देतात’ असं वाक्य आधी मनात जुळवा, मग त्याचं भाषांतर करा. पुण्यातला, नाशिकमधला चाळिशीतला विद्यार्थीही तो खुलासा निमूटपणे वहीत उतरवून घेतो. खरं तर ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’ हे तो जन्मभर बोलत आलेला असतो. आंबा एक असला तर ‘आवडतो’, अनेक असले तर ‘आवडतात’. स्पॅनिशमध्येही एकासाठी ‘गुस्ता’, अनेकांसाठी ‘गुस्तान’. नियम तोच आहे, आणि तो या विद्यार्थ्याला शाळेत जाण्याआधीपासून येतो.

मोठ्या वयात परकी भाषा शिकणाऱ्या मराठी माणसाचं इथे फार नुकसान होतं. स्पॅनिशकडे तो इंग्रजीच्या वाटेने जातो. त्याचा शब्दकोश इंग्रजी-स्पॅनिश, मोबाइलवरच्या अ‍ॅपमधली वाक्यं इंग्रजी, चुका समजावून सांगणारी टिपणंही इंग्रजी. इंग्रजी माणसाला जे जड जातं ते आपल्यालाही जड जाणार, असं तो गृहीत धरतो. घरातली भाषा वर्गाच्या दाराबाहेर चपलांसारखी काढून ठेवायची, हा जणू शिरस्ताच पडला आहे. तो मोडायला हवा.

आधी वयाचं बोलायला हवं, कारण बहुतेक जण तिथेच माघार घेतात. ‘आता कुठे या वयात’ हे वाक्य पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर, रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूतल्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाची पायरी चढण्याआधीच कित्येकांना परत फिरवतं. 2018 साली हार्टशोर्न, टेनेनबॉम आणि पिंकर या संशोधकांनी सुमारे पावणेसात लाख लोकांच्या इंग्रजी व्याकरणाच्या चाचणीवरून एक निष्कर्ष मांडला: व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता साधारण सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत टिकते, मग उतरते. ‘अठरानंतर दार बंद’ असा त्याचा अर्थ घेतला तर तो चुकीचा ठरेल. अगदी जन्मजात भाषकासारखी पकड येण्याचा तो प्रश्न होता. माद्रिदमध्ये भाड्याचं घर शोधायला किंवा मेक्सिकोतल्या ग्राहकाशी फोनवर बोलायला तेवढी पकड लागत नाही.

1978 मध्ये कॅथरिन स्नो आणि मारियान हूफनागल-होले यांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांची डच कशी सुधारते ते पाहिलं. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेले ते बारा ते पंधरा वर्षांचे आणि प्रौढ. तीन ते पाच वर्षांची मुलं सर्वांत मागे होती. पुढे मुलं मोठ्यांना गाठतात, हे खरं. पण सुरुवातीचा वेग प्रौढांकडे असतो, कारण त्यांच्याकडे आधीची एक पूर्ण भाषा असते. तिचा आधार घेतला तरच हा फायदा पदरात पडतो.

या बाबतीत सर्वांत मोठा दाखला मराठीच्याच घरात आहे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरले तेव्हा तिशीच्या आसपास होते. जन्म इंग्लंडमधला. इथे येऊन ते कोकणी शिकले, मराठी शिकले आणि 1616 साली त्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, त्याही संतसाहित्याच्या वळणाच्या. कोकणीचं व्याकरणही त्यांनी पोर्तुगीजमध्ये लिहिलं, ते त्यांच्या निधनानंतर 1640 मध्ये छापलं गेलं. तिशीत परकी भाषा शिकायला लागलेला माणूस तिच्यात पुराण रचतो, ही वस्तुस्थिती प्रत्येक भाषावर्गाच्या भिंतीवर लावावी अशी आहे.

आता पुन्हा स्पॅनिशकडे. इंग्रजी भाषकांना तिथे दोन भूतकाळांचा गोंधळ छळतो. एकदा घडून गेलेल्या गोष्टीसाठी एक रूप, नेहमी घडायच्या त्यासाठी दुसरं. ‘फुई’ म्हणजे ‘गेलो’ आणि ‘इबा’ म्हणजे ‘जायचो’. मराठी शाळेत ‘तो जात असे’ या वाक्यासमोर ‘रीतिभूतकाळ’ असं लिहून ज्याने गुण मिळवले, त्याला ‘इबा’ समजायला अर्धं मिनिट पुरावं. ‘लहान असताना मी शाळेत पायी जायचो’ या वाक्यात ‘गेलो’ म्हटलं तर कानाला खटकतं. तसंच ते स्पॅनिश कानालाही खटकतं.

त्याहून मोठं भय सबजंक्टिव्हचं, म्हणजे इच्छा-अपेक्षा सांगताना येणाऱ्या क्रियापदाच्या रूपाचं. ‘किएरो के बेंगास’: तू यावंस असं मला वाटतं. ‘बेंगास’ हे रूप का बदललं, यावर इंग्रजी पुस्तकांत प्रकरणं आहेत. मराठीतला ‘यावंस’ हा विध्यर्थ आहे आणि अशा वाक्यात तो नेमकं तेच काम करतो. ‘ओखाला युएबा’ म्हणजे ‘पाऊस पडो’. ‘पडो, लाभो, होवो’ ही रूपं प्रत्येक लग्नपत्रिकेत आणि श्रद्धांजलीत भेटतात. सगळीकडे हे जुळत नाही, पण प्रवेशापुरतं भरपूर जुळतं.

आणि ते सुंदर वाक्य, ‘से मे कायो एल बासो’. हातातला पेला पडला की स्पॅनिश माणूस ‘मी पाडला’ असं म्हणत नाही. पेला आपसूक पडला, आणि तो माझ्या बाबतीत पडला, अशी त्या वाक्याची ठेवण आहे. मराठी माणूस काय म्हणतो? ‘माझ्या हातून पेला पडला.’ घडलं, पण मुद्दाम केलं नाही, ही छटा दोन्ही भाषांनी जपली आहे.

उच्चारांची गोष्ट तर तोंडासमोर तळहात धरून तपासता येते. इंग्रजी वळणाने ‘पेपर’ म्हटलं की पहिल्या ‘प’बरोबर हवेचा झोत हाताला लागतो. मराठी ‘पाणी’ म्हणताना लागत नाही, आणि स्पॅनिश ‘पान’ म्हणतानाही लागता कामा नये. स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ दातांना जीभ टेकवून येतात, आपल्यासारखेच. तरी मराठी विद्यार्थी इंग्रजी स्पेलिंग पाहून ‘टाको’ म्हणतो, कारण इंग्रजी ‘टी’ दिसला की ‘ट’ लिहायची सवय. तो ‘ताको’ आहे. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे ‘कुत्रा’. ही जीभ थरथरवणारी ‘र्र’ चिमणी भर्रकन उडाली म्हणताना आपोआप येते.

शब्दही काही आधीच ओळखीचे आहेत. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, आणि तिच्याकडून मराठीत आलेला ‘पगार’ स्पॅनिशमध्ये ‘पागार’, म्हणजे ‘पैसे देणे’, असा भेटतो.

अडचणी नाहीत असं मुळीच नाही. आघात ही सर्वांत मोठी. ‘आब्लो’ म्हणजे ‘मी बोलतो’ आणि शेवटच्या अक्षरावर जोर दिला की ‘तो बोलला’. देवनागरीत हा फरक दिसत नाही आणि मराठी कानाला तो सहज ऐकू येत नाही; तो ऐकून, मोठ्याने म्हणून, पुन्हा ऐकूनच बसतो. लिंगाची कल्पना नवी नाही, पण आपली लिंगं आड येतात. आपला चंद्र ‘तो’, स्पॅनिश ‘लुना’ स्त्रीलिंगी. आपला हात ‘तो’, ‘मानो’ स्त्रीलिंगी. शब्द पाठ करायचा तर ‘ला’ किंवा ‘एल’ लावूनच करावा.

वेळ तर द्यावाच लागतो. अमेरिकी परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांना कामापुरती स्पॅनिश यायला वर्गातले सुमारे 600 ते 750 तास धरते, जपानीसाठी 2,200. आठवड्याला सहा तास म्हटले तरी स्पॅनिशला दोन-अडीच वर्षं लागतील. नोकरी आणि घर सांभाळून हे करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून मराठीचा आधार मिळायला हवा. शिक्षकांनी फळ्यावर ‘मे गुस्ता’च्या शेजारी ‘मला आवडतं’ लिहायला किती वेळ लागतो?

शिक्षकांनी नाही लिहिलं तर विद्यार्थ्याने लिहावं. वहीचं पान उभं दुमडून डावीकडे स्पॅनिश, उजवीकडे मराठी, मध्ये कुणी नाही. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन ‘असण्यां’पाशी मात्र उजवा रकाना अडेल. ‘आंबा गोड असतो’ आणि ‘हा आंबा गोड आहे’ ही जोडी तिथे लिहावीशी वाटेल, पण पुढच्याच वाक्याला ती फसते. तिथे एवढंच टिपून ठेवावं: ‘एस्तार’ लॅटिनमधल्या ‘उभं राहणे’ या क्रियापदातून आला, आणि ते क्रियापद संस्कृत ‘स्था’ धातूच्या नात्यातलं आहे. बाकीची जागा सध्या मोकळी सोडावी.