बाटली भंगारात घालण्याआधी

मंद्रूपच्या काळ्या मातीत एखादी वस्तू किती खोल सापडली, यावरून तिचं वय ठरवू नये. दक्षिण सोलापूरचं हे रान उन्हाळ्यात भेगाळतं. वर पडलेलं खापर, खडा, काचेचा तुकडा त्या भेगांत उतरतो आणि पाऊस पडला की माती फुगून भेग मिटते. गावठाणातली पांढरी मातीही जागेवर राहिलेली नाही. माळवदावर टाकायला, शेताला खत म्हणून तिच्या गाड्या भरून गेल्या. उकिरडा तर दरवर्षीच शेतात पडतो. म्हणून पाया खणताना किंवा परसात खड्डा घेताना जुनी बाटली हाती आली, तर वय विचारायचं ते बाटलीलाच. ती ते सांगतेही, फक्त घासूनपुसून भंगाराच्या पोत्यात पडायच्या आत तिला विचारायला हवं.

सुरुवात शिवणीपासून करावी. साच्यात काच फुंकली की साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची बारीक उभी रेघ बाटलीच्या अंगावर उमटते. तिच्यावर नख फिरवत मानेकडे जावं. रेघ ओठाखालीच विरली असेल, तर तोंड कारागिरानं मागाहून काच तापवून हत्यारानं घडवलेलं असतं. ती ओठावरून पार गेली असेल, तर बाटली यंत्रावरची. मग तळ पाहावा. मधोमध काच मोडल्यासारखा खरखरीत वण असेल, तर फुंकलेली बाटली तिथं लोखंडी दांडीला चिकटवून धरलेली होती. युरोप-अमेरिकेतल्या साध्या बाटल्यांवर हा वण साधारण १८६० नंतर दिसेनासा होत गेला. पत्र्याचं दातेरी बूच बसेल असा ओठ असल्यास बाटली १८९२च्या अलीकडची, कारण ते बूच अमेरिकेत विल्यम पेंटरनं त्या वर्षी आणलं.

ही सगळी पट्टी मात्र परदेशातली आहे आणि ती मंद्रूपला जशीच्या तशी लावली की फसगत होते. मायकेल ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र १९०३च्या सुमाराचं. म्हणून हातानं घडवलेल्या तोंडाची प्रत्येक बाटली त्याआधीची, असा हिशेब अनेक जण करतात. आपल्याकडे हातानं, तोंडानं फुंकून काच करणं पुढं कितीतरी दशकं चालू राहिलं. लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना उभा राहिला तो १९०८ साली. कराडजवळच्या ओगलेवाडीचा कारखाना १९१६चा; त्याचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला. देशी काचेचा हा काळ ओवेन्सच्या यंत्रानंतरचा आहे. ओबडधोबड, बुडबुडे राहिलेली, हिरवट झाक असलेली बाटली दिसली की ‘दीडशे वर्षं जुनी’ म्हणून मोकळं होणं हा तळेगाव-ओगलेवाडीवर अन्याय आहे.

गोटी सोड्याच्या बाटलीनं तर भले भले चकतात. हिरम कॉड या इंग्रजानं ती १८७०च्या दशकाच्या आरंभी पेटंट करून घेतली. इंग्लंडात ती कधीच वापरातून गेली, त्यामुळं तिथल्या संग्राहकांच्या लेखी अशी बाटली म्हणजे आपोआप जुनी. आपल्याकडे ती बनत राहिली आणि गाड्यावर फुटत राहिली. परसात निघालेली गोटीची बाटली आजोबांच्या वेळची असेल किंवा दहा वर्षांपूर्वीच्या जत्रेतली असेल. निर्णय द्यायचा तो काचेवर उठवलेल्या अक्षरांवरून, आकारावरून नव्हे.

अक्षरं असली की काम सोपं होतं. ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ असेल, तर बाटली १९१८च्या आधीची असूच शकत नाही. तोवर तो देशच नव्हता. औंसातलं माप असेल, तर ती बहुधा १९६०च्या आसपासची किंवा त्याआधीची, कारण १९५६च्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापं टप्प्याटप्प्यानं आली. मिलिलिटर दिसलं तर वय तितकं कमी धरावं.

तरीही खरी अडचण पुढंच आहे. बाटली कधी बनली हे कळलं, तरी ती जमिनीत कधी गेली हे कळत नाही. अमेरिकी अंगणातली औषधाची बाटली औषध संपलं की खड्ड्यात पडायची, अशी तिथल्या अभ्यासकांची ढोबळ धारणा असते आणि तिथं ती पुष्कळदा खरीही ठरते. आपल्या खेड्यात रिकामी बाटली कोणी टाकत नसे. दवाखान्यात मिक्श्चर आणायला घरचीच बाटली न्यायची, कंपाउंडर तिच्यावर डोसासाठी कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. मग तिच्यात एरंडेल, मध, काढा. वास बसला की गळ्याला सुतळी बांधून ती रॉकेलला जायची. लहान बाटली असेल तर झाकणाला भोक पाडून वात घातली की तिची चिमणी व्हायची. फुटल्याशिवाय तिला सुटका नव्हती, आणि फुटण्याआधी बाटलीवाला आला तर ती दुसऱ्या गावी नव्यानं नांदायला जायची.

म्हणूनच झिजेकडं नीट पाहावं. वर्षानुवर्षं शहाबादी फरशीवर किंवा दगडी कोनाड्यात सरकवलेल्या बाटलीच्या तळाच्या कडेला खरवडल्याचं पांढरट कडं पडतं. तोंडाशी काजळी, आत रॉकेलचा वास किंवा तेलाचा चिकट थर असेल, तर तो धुऊन टाकणं म्हणजे पुरावाच धुणं. मातीत राहून काचेवर आलेला इंद्रधनुषी पापुद्राही तसाच जपावा. मात्र त्यावरून वय सांगू नये. ओल आणि मातीतले क्षार यांवर तो अवलंबून असतो.

सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. पुढं होटगीहून गदगकडं मीटरगेज रूळ गेले. तिथून बैलगाडीनं मंद्रूपपर्यंत कोणतं औषध, कोणतं पेय, कोणती शाई कधी पोचली, मुंबईचा माल किती आला आणि विजापूरकडचा किती, हे सांगणारी नोंद गावाच्या दप्तरात मिळणं कठीण. ती परसात आहे. डोंगरे बालामृताची एक बाटली कोणत्या आळीत, कोणत्या घराच्या मागं निघाली, हे कळणं कोणत्याही संग्राहकाच्या किमतीपेक्षा मोलाचं आहे. जागेपासून तोडलेली बाटली निव्वळ शोभेची उरते. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी १९६९ साली भारतीय काचेचा इतिहास लिहिला, त्यामागं उत्खननांतल्या बांगड्यांच्या आणि मण्यांच्या तुकड्यांचा काटेकोर अभ्यास होता. तीच शिस्त दीडशे वर्षांच्या बाटल्यांनाही मिळायला हवी.

मंद्रूपच्या शाळेत यासाठी एक वही पुरे. जागा, खोली, सोबत काय निघालं, आणि फूटपट्टी शेजारी ठेवून काढलेले तळाचे, ओठाचे, अक्षरांचे फोटो. अक्षरं कन्नड किंवा उर्दू असली तर ती वाचणारी माणसं गावातच भेटतील. सोलापूर विद्यापीठात पुरातत्त्व शिकवलं जातं. तिथल्या विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा येऊन ही वही तपासावी आणि शंभर वर्षांपलीकडची वाटणारी वस्तू वेगळी काढावी, कारण अशी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. घरांचे पाये सध्या जेसीबीनं खणले जातात, त्यामुळं ही वही येत्या बांधकामाच्या हंगामाआधीच उघडायला हवी.