खिडकी सोसायटीची चालेल, ठेव मात्र बँकेतच! गावातल्या बँकिंगचे गणित समजून घ्या

भंडारा : धानाचे चुकारे खात्यात, पीएम किसानचे २ हजार खात्यात, लाडक्या बहिणीचे दीड हजारही खात्यातच. पैसे गावच्या माणसाचे; पण ते हातात यायला लाखांदूर, पवनी, मोहाडीच्या खेड्यांतून तालुक्याची बँक गाठावी लागते. एसटीचे भाडे जाते, रोजी बुडते आणि 'लिंक नाही' ऐकून परतावे लागले तर दुसरा दिवसही जातो.

यावरचा उपाय गावातच आहे. खाते ज्या बँकेत, त्याच बँकेच्या दारात जाण्याची आता गरज नाही.

हे चालते कसे?

खात्याला आधार जोडलेले असेल आणि तुमची बँक या व्यवस्थेत असेल, तर बँक मित्राच्या मायक्रो एटीएमवर अंगठा लावून एका वेळी १० हजार रुपयांपर्यंत काढता येतात. शिल्लक आणि शेवटचे काही व्यवहारही कळतात. १ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे पोस्टमनही इतर बँकांच्या खात्यातील रोकड देऊ शकतो.

अमेरिकेत क्रेडिट युनियन नावाच्या सहकारी पतसंस्था एकमेकींच्या शाखा वापरू देतात. सभासद दुसऱ्याच संस्थेच्या काउंटरवर पैसे भरतो, काढतो. खाते मात्र स्वतःच्या संस्थेतच राहते. गुजरातने २०२३ मध्ये पंचमहाल आणि बनासकांठा जिल्ह्यांत असाच प्रयोग केला. गावच्या दूध संस्थांना जिल्हा सहकारी बँकेचे बँक मित्र करून मायक्रो एटीएम दिले.

भंडाऱ्यात का नको?

जिल्ह्यात मध्यवर्ती सहकारी बँक आहे. गावोगावी सेवा सहकारी संस्था आहेत, गटसचिव प्रत्येक शेतकऱ्याला नावाने ओळखतो. केंद्राने जून २०२२ मध्ये देशातील ६३ हजार अशा संस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली. संगणक केवळ कर्जाच्या नोंदींसाठी ठेवण्यात अर्थ नाही. सोसायटीचे कार्यालय सातही तालुक्यांत बँकेची खिडकी व्हायला हवे. ठरलेल्या वेळी उघडणारी, पावती देणारी.

पण इथे सावध राहा

सोसायटीच्या खिडकीतून बँकेचे पैसे काढणे वेगळे आणि सोसायटीत किंवा पतसंस्थेत ठेव ठेवणे वेगळे. बँक बुडाली तर ठेव विम्यामुळे प्रत्येक ठेवीदाराच्या व्याजासह ५ लाखांपर्यंतच्या रकमेला संरक्षण मिळते. जिल्हा मध्यवर्ती बँकही त्यात येते. पतसंस्था आणि सेवा सहकारी संस्था येत नाहीत. पाटी तीच, टेबल तेच, माणूसही ओळखीचा. म्हणून फरक लक्षात येत नाही. मुलीच्या लग्नाची पुंजी एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी तिकडे वळवण्याआधी हा फरक विचारलाच पाहिजे. तो सांगणारा ठळक फलक प्रत्येक खिडकीवर लावणे बंधनकारक करावे.

हे लक्षात ठेवा

* पावती घ्या. पावतीवरची आणि हातातली रक्कम जुळवा.
* पैसे मिळाले नाहीत, तरी खात्यातून कापले गेले? ५ दिवसांत परत यायला हवेत. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.
* 'अंगठा नीट उमटला नाही' म्हणून पुन्हा लावायला सांगितले, तर आधी मोबाइलवरचा मेसेज पाहा.
* वापर नसेल तेव्हा आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवा.
* फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेलाही कळवा.

गावातच पैसे मिळणे ही मेहरबानी नाही, खातेदाराची साधी गरज आहे. ती पूर्ण करण्याइतकी माणसे आणि इमारती सहकाराकडे आहेत. आता बँकेने यंत्र द्यावे आणि व्यवहाराची जबाबदारीही घ्यावी.