मी ट्रक सोडलो की, सर

मंगळवारी दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो. तीनच्या आत मला फोन करू नये, हे या सदरात मी किमान चारदा लिहिलंय. पण ज्यांच्यासाठी लिहितो ते सदर वाचत नाहीत. फोन अक्कलकोट रोड एमआयडीसीतून होता. आमचे एक टॉवेलवाले मालक. (नाव छापू नका म्हणाले. प्रकरण ऐकल्यावर मलाही ते पटलं.) "सर, असाल तसे या. एक इंग्रजी वाचायचंय."

एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्याबद्दल मला पेन्शन मिळते आणि असले फोन येतात.

माझी स्कूटर तुम्हाला ठाऊक आहे. तिला पिकअप उरलेला नाही. टॉवेलचे गठ्ठे रचलेला एक पिकअप मागून आला, हॉर्न देऊन पुढे गेला आणि माझ्या तोंडावर धूळ सोडून दिसेनासा झाला. एकच शब्द, माझ्या गाडीत नाही आणि त्याच्या गाडीचं नावच ते.

प्रकरण असं होतं. परदेशातल्या गिऱ्हाइकाने एक ऑर्डर पंधरा दिवसांपूर्वी होल्डवर टाकली होती. सोमवारी त्याची मेल आली, एका ओळीची: 'प्लीज होल्ड ऑफ ऑन द डिस्पॅच.' म्हणजे, बाबांनो, माल इतक्यात पाठवू नका. डिस्पॅचच्या पोराने ती वाचली, सायंकाळी ट्रक भरला आणि रात्री न्हावाशेव्याकडे रवाना केला.

"अरे, असं कसं केलंस?" मी विचारलं.

"होल्ड ऑफ केलेत आणि डिस्पॅच ऑन केलेत. म्हणून मी ट्रक सोडलो की, सर."

या 'मी सोडलो'ला माझी पुण्याची भाची खदखदून हसते. हसू दे. आमच्या सोलापुरात मराठीच्या एका भिंतीला कानडी आणि दुसऱ्या भिंतीला तेलुगू राहते. त्या दोघींचं क्रियापद करणाऱ्याकडे बघून चालतं, कर्माकडे बघून नाही. म्हणून आम्ही चहा पिलो, काम केलो, ट्रक सोडलो. ज्याने केलं तो क्रियापदात हजर. पुण्यात याच प्रसंगी 'ट्रक सोडला गेला' असं म्हणाले असते आणि कोणी सोडला ते चौकशी समिती नेमूनही कळलं नसतं.

तर ते ऑफ. इंग्रजीच्या या खोडीने मोठमोठ्यांना रडवलंय. डॉक्टर जॉन्सनने 1755 साली आपला कोश काढला तेव्हा प्रस्तावनेतच कबूल केलं, की क्रियापदाच्या मागे एखादं चिमुकलं अव्यय लावून अर्थ पार फिरवायची आमची सवय परक्या माणसाला सगळ्यात जड जाते. या जोड्यांना 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव छापून रूढ केलं लोगन पिअरसॉल स्मिथने 1925 साली. म्हणजे रोग जुना, बारसं उशिरा. मी शाळेत त्यांचे तक्ते पाठ करून घ्यायचो: लुक आफ्टर, लुक फॉर, लुक इनटू. पोरं पाठ करायची, परीक्षेत लिहायची आणि शाळेच्या गेटाबाहेर पडताच विसरायची. विसरून जायची, असं म्हणायला हवं. आता या 'जायची'ने तिथे काय केलं, हे मला कोणी इंग्रजाने विचारलं तर मी काय सांगू? कोणी कुठे गेलेलं नाही.

आमच्याकडे काय कमी खोड्या आहेत? लिहून दे, लिहून घे, लिहून ठेव, लिहून टाक. लिहिणं तेच, पण 'दे'ला तुम्ही अडकता आणि 'घे'ला समोरचा अडकतो. कोर्टात याच फरकावर जमिनी जातात. फक्त इंग्रज शेपटीला अव्यय बांधतो, आम्ही आणखी एक क्रियापद बांधतो.

परत येताना स्कूटरवर मला खरी गोष्ट सुचली आणि मी गाडी बाजूला घेतली. त्या पोराची चूक इंग्रजीची नव्हतीच. त्याने मराठी व्याकरण बरोबर चालवलं होतं. आपण इंग्रजीकडून या जोड्या घेतो तेव्हा क्रियापद बहुतेक वेळा तिथेच टाकून येतो आणि अव्यय तेवढं उचलून आणतो. मागे आपलं कर किंवा हो लावलं की झालं. पंखा ऑफ कर. शर्ट इन कर. यातला 'टक' कोणाला आठवतो? सर्व्हर डाऊन आहे. काम ओव्हर झालं. अक्कलकोटहून रोज कामावर येणारा माणूस अप-डाऊन करतो. दोन पेग जास्त झालेला आउट होतो आणि कायमचा गेलेला ऑफ होतो. असल्या जगात वाढलेल्या पोराने 'होल्ड ऑफ' वाचलं तर त्याच्या लेखी ऑफ हाच मुख्य शब्द. काय ऑफ झालं? होल्ड. पुढे 'ऑन' आहेच, तो कोणाचा? डिस्पॅचचा. मी एकतीस वर्षं शिकवलेलं व्याकरण त्या ओळीपुढे पांगळं होतं.

निघताना मालकांनी शेडमध्ये नेलं होतं, तेही सांगतो. मागांच्या खडखडाटात त्यांचा जॉबर भेटला. घरी तेलुगू, अक्कलकोटच्या कामगारांशी कानडी, मालकांशी मराठी. इंग्रजीत नापास होऊन शाळा सोडली, असं स्वतःच सांगितलं. त्याला म्हटलं, टॉवेलवर हे फासे कसे येतात ते एकदा समजावून सांग. तो बोटाने दाखवत गेला. मागाला दोन बीम. एकाचा ताणा घट्ट, त्याचं कापड होतं. दुसऱ्याचा ढिला, त्याचे फासे होतात. ढिला सोडायचा तो लेट ऑफ. आडवा धागा आला की फणीने ठोकायचा तो बीट अप. पण पहिले दोन धागे फणी थोडे अलीकडेच ठेवते आणि तिसऱ्याला तिघांना मिळून पुढे रेटते; घट्ट ताणा जागेवर राहतो, ढिला मात्र त्यांच्याबरोबर सरकतो आणि त्याचा फासा उभा राहतो. तयार कापड पुढे गुंडाळत न्यायचं तो टेक अप.

मी त्या खडखडाटात उभा राहून मोजलं. लेट ऑफ, बीट अप, टेक अप. माझ्या तक्त्यात हे तिन्ही होते. माफ करणे, मारहाण करणे, छंद म्हणून सुरू करणे. त्या अर्थांनी एक रुमालसुद्धा विणून झाला नसता. इथे मात्र ऑफ म्हणजे सुटणं, हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं. पोरांना मी त्या वेळी मागावर का आणलं नाही, शाळेपासून वीस मिनिटांवर तर होता!

मागे एकदा मुंबईचा एक एजंट याच कारखान्यासाठी रेल्वेने आला आणि अक्कलकोट रोड स्टेशनवर उतरला. एमआयडीसी सोलापुरात, स्टेशन तिकडे अक्कलकोटकडे, आणि त्या स्टेशनापासून अक्कलकोट गावही काही किलोमीटर लांबच. त्याला 'रोड'चा अर्थ 'मध्ये' वाटला; आमच्याकडे तो कधी 'कडे' असतो, कधी 'जवळ', तर कधी 'अजून बरंच पुढे'. त्या वेळीही मलाच फोन आला होता. तेव्हाही दुपारचे दोन वाजले होते.

हां, ट्रकचं राहिलंच. तो पोचला. शुक्रवारी गिऱ्हाइकाचं उत्तर आलं: माल निघालाच आहे तर येऊ द्या, 'वुई विल पुट अप विथ इट धिस टाइम.' या वेळी खपवून घेतो, असं. मालकांनी मला फोन केला नाही, कारण डिस्पॅचच्या त्याच पोराला ही ओळ समजली होती. सरकारी कचेरीत हेलपाटे घालून त्याला 'पुटअप' चांगलं पाठ आहे. त्याने मेल छापून घेतली, पंच मारून फाइलला लावली, वर लाल पेनाने 'पुटअप' लिहिलं आणि मालकांच्या टेबलावर ठेवली.

मालकांनी सही केलीसुद्धा.